ओढ्यातील मलवाहिनी आणि आपली भूमिका

(पुण्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींच्या मनात आले असेल, की महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव हे प्रश्न आ वासून उभे असताना गटाराच्या नळावर तासभर बोलण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन असे, की या नळाने आपल्याच कार्यकर्त्यांत दोन तट पाडले आहेत. ओढ्याकाठच्या वस्तीत काम करणारे साथी म्हणतात, जुनी ड्रेनेज लाइन जागोजाग फुटली आहे, उन्हाळ्यात दुर्गंधीने जेवण जात नाही आणि पावसाळ्यात मैला घरात येतो. तेव्हा ती बदलण्याच्या कामाला जो आडवा येईल तो गरिबांचा वैरी. टेकड्या आणि नद्या वाचवण्याच्या चळवळीत असलेले साथी म्हणतात, पोकलेन एकदा ओढ्यात उतरला की ओढा म्हणून काही उरणार नाही. तेव्हा काम बंद पाडा. दोघेही प्रामाणिक आहेत, दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण ज्या गोष्टीसाठी ते एकमेकांना दोष देतात तिचा कर्ता तिसराच आहे, आणि तो या भांडणाकडे समाधानाने पाहतो आहे.

मलवाहिनी ओढ्यात का घातली जाते हे प्रथम समजून घेऊ. मैलापाणी वाहून नेण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे उतार. नळातले पाणी सेकंदाला निदान ०.६ मीटर वेगाने वाहिले पाहिजे, नाहीतर गाळ तळाशी बसतो आणि नळ तुंबतो. हा वेग पंपाशिवाय मिळवायचा तर नळ जमिनीच्या उताराबरोबर न्यावा लागतो, आणि सगळे उतार अखेर ओढ्याला येऊन मिळतात. इथपर्यंत हा निसर्गनियम झाला. परंतु ओढ्याच्या काठाने, थोड्या उंचीवरूनही नळ नेता येतो. तसे करायचे तर कोणाची तरी जमीन घ्यावी लागते, मोबदला द्यावा लागतो, एखाद्या सोसायटीची भिंत मागे सरकवावी लागते. तोच नळ प्रत्यक्ष पात्रातून नेला तर कोणालाच विचारावे लागत नाही. ओढ्याच्या वतीने न्यायालयात जाणारा मालक नसतो. इथे निसर्गनियम संपतो आणि राजकारण सुरू होते.

आणि हेही ध्यानात घ्या, की ज्या कारणाने नळ ओढ्यात आला त्याच कारणाने माणूसही ओढ्याकाठी आला. दुष्काळाने गाव सोडायला लावलेला शेतमजूर, बांधकामावरचा बिगारी, धुणीभांडी करणारी बाई यांना शहरात जी जागा मिळाली ती कोणालाच नको असलेली जागा होती. शहराने आपली घाण आणि आपले कष्टकरी या दोहोंसाठी एकच पत्ता ठरवला. म्हणूनच ‘ओढा वाचवायचा की वस्ती’ हा प्रश्नच मला खोटा वाटतो.

आपल्या समोरचे उदाहरण आंबिल ओढ्याचे आहे. कात्रजच्या डोंगरात उगम पावून तो कात्रजच्या तलावांतून खाली येतो आणि धनकवडी, पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर असा उतरत दांडेकर पुलावरून पुढे मुठेला मिळतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी भुयारी नळाने शहरात आणले गेले. त्या नळावर ठिकठिकाणी उभे दगडी उच्छ्वास ठेवलेले होते. याच काळात शहरालगतचा ओढ्याचा प्रवाहही वळवण्यात आला. म्हणजे ओढ्याला हात लावणे ही काही आजची गोष्ट नव्हे. फरक इतकाच, की त्या काळी या खोऱ्यातून शहरात पिण्याचे पाणी येत असे, आणि आता शहर याच खोऱ्यातून आपला मैला खाली सोडते. महापालिकेच्या कागदांतही ओढ्याचा ‘नाला’ झाला. शब्द बदलला की अंदाजपत्रकातले शीर्षक बदलते. ओढा जपायचा असतो, नाला साफ करायचा असतो.

डोंगराकडच्या अंगाला या ओढ्यात अजून जीव आहे. उंबर, करंज, जांभूळ ही काठची झाडे मुळांनी माती धरून ठेवतात; त्यांच्या सावलीत पाणी थंड राहते आणि डबक्यांत मासे टिकतात. मासे आहेत तोवर खंड्या आणि वंचक येतात. ही केवळ हौशी पक्षिनिरीक्षकांची चैन नाही. काठ धरून ठेवणारे झाड तोडले की पुराचे पाणी पहिल्या फटक्यात माती नेते, आणि मातीबरोबर मातीत पुरलेला नळही उघडा पडतो. निसर्गप्रेमी ज्याला अधिवास म्हणतात आणि अभियंता ज्याला नळाचे संरक्षण म्हणतो, ती वस्तू एकच आहे.

आता नळ म्हातारा होतो म्हणजे काय होते ते पाहू, कारण ‘जुनी लाइन’ एवढेच म्हणून आपण थांबतो. सिमेंट-काँक्रीटचा नळ तळातून नव्हे, तर छतातून खंगतो. साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड हा कुजक्या अंड्यासारख्या वासाचा वायू सुटतो. नळाच्या वरच्या ओलसर भागावर जगणारे सूक्ष्म जंतू त्याचे गंधकाम्ल करतात, आणि ते आम्ल सिमेंट खात राहते. बाहेरून नळ धडधाकट दिसतो आणि एक दिवस छत खाली बसते. भाजलेल्या मातीच्या जुन्या नळांची गोष्ट वेगळी. त्यांचे सांधे सुटतात, आणि सांध्यातून झाडाची मुळे आत शिरतात. मग उन्हाळ्यात नळातले बाहेर झिरपते आणि पावसाळ्यात बाहेरचे नळात घुसते. पावसाळ्यात नळ ओढ्याचे पाणी पिऊन फुगतो, खालच्या चेंबरची झाकणे उडतात आणि मैला सर्वांत सखल जागी, म्हणजे वस्तीत, बाहेर येतो. वस्तीतल्या बाया म्हणतात की पाऊस आला की गटार उलटे वाहते. त्यांचे हे निरीक्षण शास्त्रशुद्ध आहे.

पुण्याच्या जमिनीखाली काळा पत्थर आहे. तो अखंड नाही, त्याला भेगा आहेत, आणि भेगांतून झिरपलेले पाणी विहिरीला आणि बोअरला जाऊन मिळते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक आढळले, तेव्हा रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जंतू सापडले आणि तपास पिण्याच्या पाण्याकडे वळला. तो परिसर आंबिल ओढ्याचा नव्हे, आणि हे उदाहरण मी ओढूनताणून इथे लावू इच्छित नाही. परंतु मैला आणि पिण्याचे पाणी यांतले अंतर आपण समजतो त्याहून फार कमी असते, एवढे त्यातून नक्की दिसले. बाबा आढावांनी १९७२ साली ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम हाती घेतली तेव्हा प्रश्न होता स्वच्छ पाण्याला हात लावण्याचा अधिकार कोणाला. मलवाहिनीचा प्रश्न हा त्याच प्रश्नाचे दुसरे टोक आहे : घाण पाणी कोणाच्या दारात जाऊन थांबणार?

मग असा नळ वेळीच बदलला का जात नाही? पैसा नाही हे उत्तर अपुरे आहे. रस्त्यातला नळ फुटला तर रस्ता खचतो, मोटारी अडकतात, वर्तमानपत्रात छायाचित्र येते, आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्ती सुरू होते. ओढ्यातला नळ फुटला तर मैला ओढ्यातून वाहून जातो. महापालिकेच्या दृष्टीने फुटलेल्या नळाचे काम ओढा फुकटात करत असतो. शुद्धीकरणाचा खर्चही वाचतो, कारण तो मैला केंद्रापर्यंत पोचतच नाही. गळती ही अशा ठिकाणी प्रशासनाची बचत ठरते, आणि बचत कोण थांबवील?

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री या बचतीचा हिशोब चुकता झाला. कात्रजच्या बाजूला अतोनात पाऊस झाला आणि आंबिल ओढा काही तासांत चढला. अरण्येश्वरजवळ टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसे दगावली. शहर आणि जिल्हा मिळून वीसहून अधिक बळी गेले. या संहाराला केवळ मलवाहिनी कारण होती असे मी म्हणणार नाही. अडवलेली पात्रे, अरुंद पूल, बुजवलेले लहान ओहोळ, डोंगरउतारावरची बांधकामे ही कारणे मोठी आहेत. पण पात्रात उभ्या असलेल्या काँक्रीटच्या चेंबरना पुराच्या वेळी काय अर्थ असतो, याचा विचार करा. प्रत्येक चेंबर हा प्रवाहातला एक खांब असतो. त्याला झाडेझुडपे अडकतात, प्लास्टिक अडकते, पाणी तुंबते आणि बाजूच्या काठाला खाऊ लागते. नळ पाण्याला अडवतो आणि पाणी नळाला फोडते.

याला परदेशातही अपवाद नाही. कॅनडातील टोरांटो शहर खोल घळींनी चिरलेले आहे. ऑक्टोबर १९५४ मध्ये हेझल नावाच्या वादळात त्या प्रांतात ८१ माणसे मेली, आणि त्यानंतर पूरक्षेत्रातील जमिनी सार्वजनिक मालकीत घेऊन तिथे घरे बांधण्यास बंदी केली गेली. घळी हिरव्या झाल्या, त्यांचा जगभर लौकिक झाला. पण मलवाहिन्या घळींतच राहिल्या. १९ ऑगस्ट २००५ च्या पावसात हायलंड क्रीक या ओढ्याने आपला काठ खरवडला आणि मोठी मलवाहिनी फोडून टाकली. तेथे काठावर झोपडपट्टी नव्हती, अतिक्रमण नव्हते, पैशाची टंचाईही नव्हती. घरे हलवली म्हणून नळ सुरक्षित होत नाही, हा त्यातला बोध आपल्या अधिकाऱ्यांनी घ्यायला हवा होता.

त्यांनी उलटा घेतला. २४ जून २०२१ रोजी, ऐन पावसाळ्यात आणि करोनाच्या साथीत, दांडेकर पुलाजवळच्या आंबिल ओढा वसाहतीत घरे पाडायला सुरुवात झाली. कारण काय, तर ओढा सरळ आणि रुंद करायचा आहे. रहिवाशांनी कडवा विरोध केला आणि त्याच दिवशी कारवाईला स्थगिती मिळाली. ओढा वळणे घेतो ते त्याच्या वेगाला लगाम म्हणून. तो सरळ करणे म्हणजे वरचे पाणी खालच्या वस्तीवर अधिक वेगाने सोडणे. तेव्हा यापुढे ‘मलवाहिनी बदलण्यासाठी’ म्हणून जेव्हा घरे मोजायला माणसे येतील, तेव्हा पहिला प्रश्न विचारायचा : नळाचा नकाशा दाखवा. एक-दीड मीटर व्यासाच्या नळाला किती रुंद पट्टा लागतो हे आपल्याला माहीत असले पाहिजे. त्याहून जास्त जागा मागितली जात असेल, तर ती कोणासाठी, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

आता काम कसे करता येते याविषयी. उघडा चर खणून जुना नळ काढायचा आणि नवा घालायचा, ही रूढ पद्धत. पत्थरात ती ब्रेकर लावून करावी लागते आणि ओढ्याचा तळ कायमचा फुटतो. शिवाय चरात भरलेली खडी आणि वाळू हा नळाभोवती एक दुसरा, अदृश्य ओढाच बनतो. भूजल त्यातून भराभर खाली निघून जाते आणि वरची डबकी आटतात. ठराविक अंतरावर चिकणमातीचे आडवे बांध घातले तर हे टळते. निविदेत ती बाब आहे की नाही हे वाचून पाहावे लागते. बहुधा ती नसते.

दुसरी पद्धत बिनखोदाईची. राळेत भिजवलेली कापडी नळी जुन्या नळात आतून ओढून घेतात आणि गरम पाण्याने वा वाफेने कडक करतात. जुन्या नळातच नवा नळ तयार होतो. १९७१ साली लंडनमध्ये हे प्रथम झाले, आणि मुंबई-दिल्लीतल्या जुन्या वाहिन्यांनाही बिनखोदाईची अस्तरे लागलेली आहेत. आपल्यातील पर्यावरणवादी साथींना हा उपाय साहजिकच आवडतो. पण त्याच्या मर्यादा सांगणे माझे कर्तव्य आहे. नळ चेपलेला असेल किंवा तळ वाहून जाऊन अधांतरी लोंबत असेल, तर अस्तराने काही साधत नाही. आणि अस्तर लावले तरी नळ व त्याची चेंबर पात्रातच राहतात. तिसरी वाट म्हणजे पात्र सोडून काठाच्या रस्त्याने नवा नळ नेणे, उतार मिळत नाही तिथे पंप बसवणे. पंपाला वीज लागते. वीज गेली आणि पर्यायी व्यवस्था नसली की मैला पुन्हा त्याच ओढ्यात. म्हणून एकच घोषणा सबंध ओढ्याला लागू पडत नाही. कुठे अस्तर, कुठे काठाचा नळ, हे टप्प्याटप्प्याने ठरवावे लागेल.

तरीही माझा कल स्पष्टपणे पात्र सोडण्याकडे आहे, आणि त्याचे कारण मासे किंवा पक्षी नाहीत, माणूस आहे. मैला उपसणारी यंत्रगाडी ओढ्याच्या पात्रात उतरू शकत नाही. तिचा पाइप ठराविक अंतरापलीकडे पोचत नाही. मग पात्रातले चेंबर तुंबले की काय होते? कंत्राटदाराचा मुकादम कोणाला तरी कमरेला दोर बांधून आत उतरवतो. जो हायड्रोजन सल्फाइड सिमेंट खातो तोच माणसाला काही क्षणांत बेशुद्ध पाडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही परत येत नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली अधिक कडक कायदा झाला. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला, आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ही रक्कम ३० लाख केली. भरपाईची रक्कम वाढली; माणसे मरायची थांबली नाहीत. उतरणारा माणूस कोणत्या जातीचा असतो हे या सभेत सांगण्याची गरज नाही. जिथे गाडी पोचत नाही अशा जागी चेंबर बांधणारा आराखडा हा कागदावर असतानाच माणूस आत उतरवण्याची तजवीज करून ठेवतो. तेव्हा नळ गाडीच्या वाटेवर आणा, ही मागणी सफाई कामगाराची आहे, आणि योगायोगाने ओढ्याचीही आहे.

आपल्या परंपरेत या प्रश्नाला तुच्छ मानलेले नाही. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून उपोषण केले, आणि पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात संडासाचे प्रयोग केले. ब्राह्मण कुळात जन्मलेला एक पदवीधर माणूस मैल्याचा शास्त्रीय विचार करतो, याचे त्या काळी अनेकांना हसू आले. आज त्याच कामाची निविदा शेकडो कोटींची निघते आणि कोणी हसत नाही. फक्त काम करणारा बदललेला नाही.

पैशाबद्दल थोडेसेच. मुळा-मुठा शुद्धीकरणाच्या ज्या प्रकल्पाला पुण्यात ‘जायका’ म्हणतात, तो जपानी कर्जाच्या आधारे २०१६ साली सुमारे ९९० कोटींचा म्हणून ठरला, त्यात ११ शुद्धीकरण केंद्रे आणि शंभरावर किलोमीटर वाहिन्या होत्या. प्रत्यक्ष काम वर्षानुवर्षे रखडले. केंद्र बांधणे सोपे असते, त्याचे उद्घाटन करता येते. घराघरातून केंद्रापर्यंत मैला आणणारा जमिनीखालचा नळ कोणाच्या कोनशिलेचा धनी होत नाही. त्यात मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ शहरात लोकांनी निवडलेली सभाच नव्हती. या काळात प्रशासकाच्या सहीने मंजूर झालेली ओढ्यांवरची कामे आता एकेक करून तपासून घेणे, हे आपले पहिले काम राहील.

तेव्हा आपली भूमिका काय? जुनी मलवाहिनी बदललीच पाहिजे. ‘काहीच करू नका’ ही मागणी आपण करणार नाही, कारण काही न करण्याचा खर्च वस्ती भरते. परंतु नळाच्या नावाखाली एकही घर पर्यायी निवाऱ्याशिवाय, आणि तोही त्याच परिसरात दिल्याशिवाय, हलू देणार नाही. ओढ्याच्या तळाला सिमेंटचे अस्तर करू देणार नाही. काम चालू असताना वरचा मैला पंपाने वळवून खालच्या चांगल्या नळात सोडला पाहिजे. कंत्राटदार इथेच हात आखडतो आणि महिनेच्या महिने मैला ओढ्यात सोडून देतो. खोदाई पाऊस सरल्यावर सुरू व्हावी आणि मे संपण्याआधी चर बुजलेला असावा. झाड तोडायचे असेल तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे नोटीस झाडावर लागली पाहिजे, आणि तिच्यावरच्या हरकती आपल्या वस्तीतल्या लोकांनीही नोंदवल्या पाहिजेत. हे काम फक्त टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांचे आहे असे मानण्याची सवय सोडावी लागेल. त्याचप्रमाणे टेकडीवर फिरणाऱ्या साथींनी वस्तीच्या सभेला येऊन बसावे. तिथे चटई पुरेशी मोठी आहे.

हे सगळे करायचे तर आधी माहिती हवी. नळाचा नकाशा, बसवल्याचे वर्ष, कॅमेऱ्याने आतून तपासणी केली असल्यास तिचा अहवाल, आणि निविदेतील बाबींची यादी, एवढ्यासाठी माहिती अधिकाराचे अर्ज तयार आहेत. ते मागच्या टेबलावर ठेवले आहेत, सही करून जावे. नकाशा मिळेपर्यंत आपण आपला नकाशा करू. येत्या रविवारी सकाळी सात वाजता कात्रजच्या खालच्या तलावापासून निघून मुठेपर्यंत ओढा पायी चालायचा आहे. पात्रात किती चेंबर आहेत, त्यांतली किती फुटलेली आहेत, आणि किती ठिकाणी गाडी पोचू शकत नाही, एवढ्याच तीन नोंदी करायच्या. वह्या आम्ही देऊ. ज्यांच्याकडे गमबूट असतील त्यांनी आणावेत, आणि दांडेकर पुलाजवळच्या साथींनी दुपारच्या चहाची व्यवस्था करावी.